मेकॅनिकलनंतर कारखान्यातली नोकरी स्वीकारावी का?

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असून उत्पादन विभाग आणि सॉफ्टवेअर अशा दोन नोकऱ्या समोर आहेत. कारखान्यात मुलींचा निभाव लागत नाही, असे सगळेच सांगतात. अनुभवी ताईंनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: सॉफ्टवेअरची आवड असेल तर खुशाल जावे, पण केवळ धास्तीपोटी जाऊ नये. उत्पादनात सुरुवातीची वर्षे यंत्राजवळ काढलेल्या व्यक्तीलाच पुढे डिझाइनमधील चुका कागदावर दिसू लागतात, आणि बढतीच्या वेळी नेमका हाच अनुभव विचारला जातो. म्हणूनच ‘तुम्हाला त्रास नको’ म्हणून मुलींना कागदपत्रांच्या कामावर बसवणारी आपुलकी मला उघड विरोधापेक्षा घातक वाटते. अमेरिकेतील विद्युत अभियंता एडिथ क्लार्क यांनाही शिक्षण असूनही आधी इंजिनिअरचे पद मिळाले नव्हते. लांब वीजवाहिन्यांची गणिते सोपी करणाऱ्या त्यांच्या गणकयंत्राला १९२५ मध्ये पेटंट मिळाले.

प्रतिसाद २: मी स्थापत्य क्षेत्रात आहे. रुजू होण्यापूर्वी साइटवर महिलांसाठी स्वच्छतागृह आहे का, रात्रपाळीला ने-आण होते का आणि सेफ्टी हार्नेस (उंचावर काम करताना अंगावर बांधायचा सुरक्षा पट्टा) आपल्या मापाचा मिळेल का, हे स्पष्ट विचारावे. सैल हार्नेस पडताना अंगातून निसटू शकतो, त्यामुळे ही मागणी लाडाची नव्हे.

प्रतिसाद ३: त्याच विभागात बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परतल्या, हेही विचारा. उत्तर टाळले गेले, तर तेच उत्तर समजावे.