मदत हवी आहे: मोरोक्कोत गावातल्या घरी राहण्याबद्दल

नोव्हेंबरमध्ये मी आणि आई १० दिवस मोरोक्कोला जातोय. फेस शहरातलं राहणं ठरलंय. प्रश्न त्यापुढच्या ३ रात्रींचा आहे. मराकेशपासून साधारण ६५ किमीवर, अ‍ॅटलास डोंगरातल्या इमलील गावाच्या आसपास एखाद्या अमाझिग (तिथले मूळ रहिवासी, म्हणजे बर्बर) कुटुंबात राहायचंय. सकाळी चुलीवर रोटी भाजली जाताना शेजारी बसावं, शनिवारी अस्नीच्या आठवडी बाजारात त्यांच्यासोबत जावं, एवढंच मनात आहे. पर्यटकांसाठी मांडलेली नाचगाण्याची रात्र अजिबात नको.

दोन एजंटांशी बोलले. दोघांनी वाळवंटातले तंबू आणि उंटच पुढे केले. ऑनलाइन ‘होमस्टे’ म्हणून दिसतात ती बहुतेक छोटी हॉटेलंच वाटली.

आई ६८ वर्षांची आहे, चढ जमत नाही, त्यामुळे गाडी दारापर्यंत जायला हवी. मला मोडकंतोडकं फ्रेंच येतं, दारिजा (तिथली बोली अरबी) नाही. आम्ही दोघी शाकाहारी. तिथे शुक्रवारी करतात तो कुसकुस (गव्हाच्या रव्याचा वाफवलेला पदार्थ) वरून भाज्यांचा दिसला तरी बहुधा मांसाच्या रश्श्यावर शिजतो, हे ठाऊक आहे.

तिथे घरी राहिलेलं कुणी आहे का? कुटुंबाशी थेट संपर्क कसा केलात? आणि बिनमांसाचं वेगळं शिजवा, हे यजमानांचं मन न दुखावता कसं सांगितलंत?