एका ॲपचे 212 टास्क: नियोजन की डोक्याला ताप?

परसोडीवाला: आयटी पार्कात आमची सहा जणांची टीम. एका दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं ॲप करून राह्यलो. नव्या मॅनेजरनं अख्ख्या कामाचे 212 टास्क पाडले. त्यातला एक, 'बटणाचा रंग बदलणे, 15 मिनिटं'. रोज सकाळी अर्धा तास नुसती हजेरी: कोणता टास्क कुठवर आला? माझं मत साफ आहे. दोन दिवसांहून लहान टास्क पाडूच नये. माणसाला काम सांगा, बाकी त्याच्यावर सोडा.

तर्रीपोहा: सोडून पाह्यलं भाऊ. आमच्याकडे 'लॉगिन' हा एकच टास्क होता. तीन आठवडे रोज एकच उत्तर, "90 टक्के झालं". शेवटी बसून तुकडे पाडले: ओटीपी पाठवणे, चुकीचा ओटीपी, रेंज नसली तर काय. तेव्हा कळलं की एसएमएसचा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं! तुकडे पाडले म्हणून सापडलं.

परसोडीवाला: ते तुम्ही स्वतः बसून पाडले. आमचे वरून आले. फरक आहे ना बे?

निवृत्त_पीएम: आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे: टास्क 8 तासांहून लहान नको, 80 हून मोठा नको. 15 मिनिटांचं बटण त्यात बसत नाही. पण दुसराही नियम आहे, सगळे तुकडे जोडले की पूर्ण काम झालं पाहिजे. तो कोणी तपासत नाही.

कूलरची_हवा: आम्ही भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मे महिन्यात कूलर सुरू केला अन् सात टास्क थेट टाकीत. कोणालाच आठवले नाहीत, म्हणजे गरजेचे नसतील.

बडग्यावाला: मी काही कॉम्प्युटरवाला नाही, पण ऐका. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचा बडग्या, म्हणजे बांबू-कागदाचा मोठा पुतळा, असतो. तारीख हलत नाही, पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे दुसरा दिवस. एका वर्षी कामं छान वाटून दिली: धडाचा बांबू एकाकडे, मुंडकं दुसऱ्याकडे, कागद-खळ पोरांकडे. सगळ्यांचं वेळेत झालं. रात्री दोनला मुंडकं चढवायला गेलो तर मान धडाच्या भोकात जाईना. मापाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नव्हती. सुतळीनं आवळलं. दुसऱ्या दिवशी बडग्या पूर्ण रस्ताभर मान हलवत गेला, लोकांना वाटलं मुद्दाम केलं. तर तुकडे लहान-मोठे काहीही करा, जोड कोणाकडे आहे ते आधी लिहा.

तर्रीपोहा: 😂 परसोडीवाले, तुमच्या 212 मध्ये जोड कोणाकडे आहे?

परसोडीवाला: आत्ताच यादी चाळली. दवाखान्याचं जुनं रजिस्टर नव्या ॲपमध्ये आणायचं आहे. तो टास्क यादीतच नाही.

तर्रीपोहा: घ्या, 213.