ट्रम्प सरकारात माणसं नेमतंय तरी कोण?

न्यूजर्सीकर: डोकं फिरायची वेळ आलीये. सप्टेंबर २०२५ मधे शुक्रवारी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची फी १ लाख डॉलर केली, वाणिज्यमंत्री लटनिक म्हणाले दरवर्षी भरा, शनिवारी व्हाइट हाउस म्हणतं एकदाच आणि तेही फक्त नव्या अर्जांना! तोवर सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या भावात तिकिटं काढून परत निघालेले. सही करायच्या आधी कोणी वाचत नाही का?

खवचट_काका: वाचणार कोण? संरक्षणमंत्री केला तो हेगसेथ, टीव्हीवरचा अँकर, सिनेटमधे नेमणुकीवर ५०-५० मतं पडल्यावर उपाध्यक्ष व्हान्सच्या मतावर तरला. मग मार्च २०२५ मधे येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर, त्या ग्रुपमधे चक्क एका मासिकाचा संपादक! ग्रुप काढणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार वॉल्ट्झना पुढे यूएनमधे अमेरिकेचे राजदूत केलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन बरा.

मृदुला_टेक्सास: काका, इमिग्रेशनचं ट्रम्प प्रचारात बोललाच होता की, लोकांनी मतं दिली. मला राग सरकारी काटकसरीचा येतो, फेब्रुवारी २०२५ मधे अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या खात्यातली शेकडो माणसं काढली आणि लगेच परत बोलवायला धावाधाव.

न्यूजर्सीकर: ते सोडा, नवऱ्याचं पासपोर्टवर व्हिसा स्टॅम्पिंग बाकी आहे, डिसेंबरात भारतात जावं का?

खवचट_काका: आधी वकिलाला विचार गं, तिकीट मग.