कोलाडचं राफ्टिंग, नदीतला कातळ आणि उन्हेरे: दोन दिवसांत कसं बसवायचं?

मुक्काम_कोथरूड
डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोलाडला जायचं ठरतंय. आठ जण आहोत: चार तिशीतले, आई (६२, बीपीची गोळी चालू आहे), मुलगी ११ वर्षांची, भूगर्भशास्त्र शिकणारा भाचा आणि त्याचा मित्र. तिघांना पोहता येत नाही. कुंडलिकेत राफ्टिंग, भाच्यासाठी नदीतला खडक आणि आईसाठी उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं असा बेत आहे. वेळ उरला तर देवकुंडचा धबधबा. शनिवारी पहाटे निघून थेट राफ्टिंगला पोचता येईल का? पोहता न येणाऱ्यांचं काय? आणि पावसाळा संपल्यावर नदीला पाणी असतं का?

रोहेकर
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. राफ्टिंगचं पाणी कुंडलिकेचं नाहीच, मुळशीचं आहे. मुळशी धरणात साठलेलं मुळा नदीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सुमारे पाचशे मीटर खाली आणतात. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज करून झालेलं पाणी खाली बंधाऱ्यांत अडतं आणि तिथून नदीत सोडतात. एरवी हेच पाणी मुळा-भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, इथे ते रेवदंड्याच्या खाडीत उतरतं. म्हणून डिसेंबर असो की एप्रिल, सोडलं तर पाणी आहे, नाही सोडलं तर पात्रात नुसते डोह.

पाणी साधारण सकाळी सोडतात आणि राफ्ट त्या पाण्याबरोबरच खाली जातात. अंतर १२ ते १४ किलोमीटर, पाण्यावर दोन-अडीच तास. आठच्या सुमारास हजर राहा म्हणतात ते उगीच नाही. उशीर झाला की पाण्याचं शेपूट हाती लागतं, राफ्ट दगडांना घासत चालते आणि उतरून ढकलावी लागते. गाइड कोणासाठी थांबत नाहीत, थांबले तर मागच्या सगळ्यांचं पाणी जातं.

त्यामुळे शनिवारी पुण्याहून निघून त्याच दिवशी राफ्टिंग हा बेत सोडा. ताम्हिणीमार्गे अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर आहे, पण घाट, विळ्याकडचा रस्ता आणि चहा धरला तर तीन तास जातातच. शनिवारी आरामात या, कोलाड-सुतारवाडीकडे मुक्काम करा, राफ्टिंग रविवारी सकाळी. शनिवारी संध्याकाळी ज्यांच्याकडे बुकिंग केलंय त्यांना फोन करून एवढंच विचारा: उद्या पाणी सुटणार का, आणि किती वाजता? वीजघरात दुरुस्ती असली की पाणी येत नाही. त्या दिवशी पैसे परत मिळणार की दुसरी तारीख, हे बुकिंग करतानाच लिहून घ्या. या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात.

पाणकावळा
पोहता न येणाऱ्यांबद्दल. या टप्प्याची अवघडता दोन-तीनच्या श्रेणीतली आहे, एक ते सहाच्या मापात. पोहता येत नाही म्हणून कोणी अडवत नाही, पण राफ्टमध्ये बसायच्या आधी गाइडला सांगा, लाजू नका. तो त्यांना मधल्या जागा देईल. पुढच्या दोन जागा एका तालात पॅडल मारणाऱ्यांच्या, कारण मागचे सगळे त्यांचा ताल बघून मारतात.

लाइफ जॅकेट अंगावर चढवून सगळे बक्कल आणि पट्टे आवळा, मग दुसऱ्याला दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल, लहान माप मागा. श्वास घेता येईल पण वर सरकणार नाही, एवढं घट्ट हवं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, मागे कललेलं नको. कपाळ उघडं राहिलं तर हेल्मेट असून नसल्यासारखं.

लोकांना नदी लागत नाही, शेजाऱ्याचं पॅडल लागतं. दांड्याच्या टोकाला इंग्रजी टीच्या आकाराची मूठ असते, ती सुटली की थेट शेजाऱ्याच्या दातांवर. वरचा हात त्या मुठीवरून काही झालं तरी काढायचा नाही, धक्का बसला तरीही. राफ्टमध्ये बाहेरच्या फुगीर कडेवर बसतात आणि पाय आडव्या नळीखाली अडकवतात. पाऊल खोचलेलं हवं, रुतलेलं नको. राफ्ट उलटली तर पाय सहज सुटला पाहिजे.

पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाचे अंगठे पाण्याबाहेर दिसले पाहिजेत. उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मुळीच नाही. बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाच्या, पात्रात बरोबर पावलाच्या मापाच्या भेगा असतात. त्यात पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे वाकवतं, आणि कमरेएवढ्या पाण्यातही तोंड बुडतं. गाइडने पिशवीत भरलेला दोर फेकला तर पिशवी नाही, दोर धरा. तो छातीशी घ्या, खांद्यावरून जाऊ द्या, पाठ दोर फेकणाऱ्याकडे करून उताणे राहा. मनगटाला गुंडाळू नका.

मुलीला राफ्टमध्ये न्यायचं विसरा. बहुतेक ठिकाणी किमान वय १४ ठेवतात. कोणी '११ चालेल' म्हणालं तर तेच तिथे न जाण्याचं कारण समजा. तिला बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात कयाक (छोटी वल्ह्याची होडी) चालवू द्या, तेही जॅकेट घालून. आईंनी नदीकाठी बसावं. बीपीची गोळी चालू असणं, हृदयविकार, गरोदरपण, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांपैकी काहीही असलं तरी राफ्टमध्ये नाही. आदल्या रात्री पार्टी करणाऱ्यांनाही हेच लागू.

कपडे सुती नकोत, ओले झाले की जड होतात आणि डिसेंबरात थंडी भरते. मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट चालतील, स्लिपर पहिल्याच उताराला वाहून जाते. चष्म्याला दोरी. मोबाइल गाडीत.

मुक्काम_कोथरूड
खूप आभार. मग शनिवारी दुपारी भाच्याला पात्रात उतरवलं तर चालेल का? तेव्हा पाणी ओसरलेलं असेल ना?

कातळवेडा
चालेल, पण रोहेकरांनी सांगितलेला नियम उलटा लावून: राफ्टिंग पाणी आल्यावर, खडक पाणी गेल्यावर. आणि पाणी पुन्हा कधी सुटेल हे पात्रात उभं राहून कळत नाही. म्हणून आधी काठावरची रेघ बघा. रोज पाणी जिथवर चढतं तिथवर दगड काळसर आणि शेवाळलेला असतो, त्याच्या वर राखाडी, दगडफुलाचे ठिपके असलेला कोरडा. त्या रेघेखाली पाऊल टाकताना वर जायची वाट आधी ठरवा. पाण्याला ओलांडून मधल्या कातळावर जाऊ नका, परतीची वाट सगळ्यात आधी बुडते. नितळ पाणी अचानक गढूळलं, वरून पालापाचोळा आणि फेस यायला लागला, किंवा आवाज वाढला, तर कॅमेरा आवरत बसू नका, वर चढा. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना पाण्याची वेळ विचारा, त्यांना ती पाठ असते.

आता काय बघायचं. हा सगळा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर. घाटावर हे थर जवळजवळ सपाट आहेत, पण खाली कोकणात पनवेल ते महाड पट्ट्यात ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, झुकलेत. ताम्हिणी उतरताना घाटाच्या भिंतीतले आडवे पट्टे नजरेत ठेवा आणि खाली कोलाड-रोह्याकडच्या टेकड्यांशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट डाइक. जुन्या लाव्ह्याला पडलेल्या उभ्या भेगेत नवा लाव्हा घुसून थिजला की खडकात खडकाची भिंत तयार होते. रायगडात अशा भिंती पुष्कळ आहेत आणि बऱ्याचशा उत्तर-दक्षिण धावतात. भारत आणि सेशेल्स (आज हिंदी महासागरात असलेली बेटं) एकमेकांपासून तुटत असताना इथली जमीन ताणली जात होती, हा त्याचाच माग. बहुतेकदा ही भिंत आजूबाजूच्या दगडापेक्षा टणक असते, मग नदीत आडवी आली की तिथे उतार तयार होतो. राफ्ट जिथे धाडकन खाली जाते तिथे खडकाकडे नीट बघावं.

डाइक ओळखायची खूण: भिंतीच्या दोन्ही कडांना दगड बारीक कणांचा, जवळजवळ काचेसारखा, कारण कडा लवकर थिजली, आणि मध्ये कण मोठे होत जातात. भिंगातून फरक स्पष्ट दिसतो, १० पटीचं भिंग पुरे. भेगा भिंतीच्या कडांना काटकोनात असतात, म्हणजे उभ्या भिंतीत खांब आडवे पडलेले, सरपणाची मोळी रचावी तसे. लाव्ह्याच्या सपाट थरात हेच खांब उभे असतात. हा फरक एकदा नजरेला बसला की डाइक लांबूनही ओळखता येतो.

पांढरे ठिपके दिसले की लोक सरसकट 'स्फटिक' म्हणतात. ते लाव्ह्यातल्या वाफेचे बुडबुडे, नंतर खनिजांनी भरलेले. सुरीच्या टोकाने ओरखडा द्या: ओरखडा उठला नाही तर क्वार्ट्झ. उठला तर खरडून निघालेल्या भुकटीवर लिंबू पिळा: बारीक फेस आला तर कॅल्साइट, नाही आला तर बहुधा झिओलाइट. ही परीक्षा सुटून पडलेल्या दगडावर, कातळावर नाही. हातोडीही खोलीवर राहू द्या. भाचा कुरकुरेल, पण विद्यार्थ्यांच्या हातोड्यांनी चांगले कातळ फोडून ठेवलेत.

रांजणखळगे, म्हणजे कातळात कोरलेले गोल खड्डे, दिसले तर तळात बघा, आतले गोटे हेच त्याचं अवजार. भोवऱ्यात अडकून ते गोल फिरत राहतात आणि विहीर कोरतात. खळग्याच्या कडेशी ओलसर शेवाळ असतं, तिथे उकिडवं बसून वाकायचं, उभ्याने डोकवायचं नाही.

भटक्या_१९
एवढं करताच आहात तर देवकुंड शनिवारी दुपारी होईल की.

रोहेकर
नाही होणार. भिऱ्यापासून चालतच जावं लागतं, जाऊन-येऊन चार तास धरा, वाटेत ओढे ओलांडायचे आणि स्थानिक वाटाड्या घ्यायचा. ६२ वर्षांच्या आई आणि ११ वर्षांची मुलगी बरोबर असताना दुपारी सुरू केलं तर परतीला अंधार. पावसाळ्यात तर जिल्हा प्रशासन तिथे बंदी घालतं. ओढे फुगले की माणसं पलीकडे अडकतात आणि धबधब्याखालच्या डोहात बुडून मृत्यू झालेत. डिसेंबरात करायचंच तर त्याला स्वतंत्र दिवस द्या, सकाळी सातला चालायला लागा, डोहात उतरू नका.

सुधागडवाली
उन्हेऱ्याचं मी सांगते. रविवारी राफ्टिंग आटोपून, जेवून, महामार्गाने वाकण फाट्याला या आणि तिथून पालीकडे वळा. उन्हेरे पालीपासून तीनेक किलोमीटर, अंबा नदीच्या बाजूला. परतताना ताम्हिणीला मागे फिरायची गरज नाही. पालीहून खोपोली गाठा आणि एक्स्प्रेस वेने पुणे. अंधारात ताम्हिणी चढण्यापेक्षा हे बरं, आणि आईंना बल्लाळेश्वराचं दर्शनही होईल.

इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही, पोरं विचारतात म्हणून सांगते. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची माळ आहे. सगळ्यांचं पाणी सारखं गरम नसतं. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं सत्तर अंशांच्या आसपास आहे, तिथे हात घालता येत नाही. उन्हेरे आणि उन्हवरे नावांत गल्लत होते, मॅपवर नीट बघून लावा.

उन्हेऱ्याचं पाणी अंघोळीला सोसवतं, तरी आधी कोपर बुडवून बघा. आईंनी पूर्ण न उतरता पायऱ्यांवर बसून गुडघ्यापर्यंत पाय सोडावेत, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, त्यात गोळीचाही परिणाम असतो. झटक्यात उठलं की भोवळ येते आणि पायऱ्या बुळबुळीत. बाजूला एक जण हवाच. जेवल्यावर किमान तासभर थांबा. चांदीचं काही अंगावर असेल तर काढून ठेवा, गंधकाने काळं पडतं. साबण, शाम्पू नेऊ नका. रविवारी दुपारी गर्दी असते, चारनंतर थोडी मोकळीक मिळते.

मुक्काम_कोथरूड
ठरलं. शनिवारी सकाळी निघून दुपारी कातळ, रविवारी सातलाच नाश्ता, राफ्टिंग, मग पाली आणि खोपोलीवरून परत. देवकुंड रद्द. एकच राहिलं: राफ्टिंग चालू असताना आई आणि मुलगी कुठे थांबतील?

पाणकावळा
राफ्ट जिथून सुटते तिथे नाही, जिथे संपते तिथे. गाडी सुटायच्या जागी ठेवलीत तर शेवटी ओल्या कपड्यांनी जीपची वाट बघत बसावं लागतं. राफ्टवाल्यांची जीप सकाळी वर सोडते. तुमच्या गाड्या आदल्या दिवशीच खालच्या टोकाजवळ लावता येतील का हे बुकिंगवाल्याला विचारा, कोरडे कपडे आणि टॉवेल त्याच गाडीत.