शेंगांच्या टरफलांचं तेल म्हणजे डिझेल नव्हे

भुईमुगाच्या शेंगांची १०० किलो टरफलं बंद भट्टीत, हवा न लागू देता तापवली तर त्यातून डिझेल किती निघेल, असं नाशिकहून एकाने विचारलंय. डिझेल निघत नाही. निघतं ते काळपट, धुरकट वासाचं आम्लधर्मी तेल. त्यात साधारण पाव हिस्सा पाणी आणि उष्मांक डिझेलच्या निम्म्याहून कमी. इंजिनात घातलंत तर इंजेक्टर गंजतील आणि चिकटतील. बर्नरमध्ये चालेल, तेही गाळून.

बंद भट्टीत ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास १०० किलो टरफलांमागे ३० ते ३५ किलो कोळसा, ४० किलोच्या आसपास द्रव, बाकी वायू असा हिशोब धरा. वायू भट्टीखालीच जाळा, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. टरफलं चाळून माती काढा, ओलावा १० टक्क्यांखाली आणा. नाशिकच्या पावसाळ्यात उघड्यावर वाळवणं विसरा.

खरा त्रास भट्टी आणि कंडेन्सर (वाफ गार करून तिचं तेल करणारा भाग) यांना जोडणाऱ्या पाइपात. तिथे वाफ गार झाली की डांबर जमतं, पाइप तुंबतो, भट्टीत दाब चढतो. म्हणून पाइप आखूड, जाड आणि रॉकवूलने (उष्णता धरून ठेवणाऱ्या दगडी लोकरीने) गुंडाळलेला हवा. कंडेन्सर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचाच घ्या. साधं लोखंड हे आम्ल खाऊन टाकतं.

भट्टी गार होताना हवा आत ओढते, त्यामुळे वायूच्या वाटेवर वॉटर सील (वायूच्या पाइपाचं टोक पाण्यात बुडवणं) ठेवाच, तेही पाणी भट्टीपर्यंत चढणार नाही इतक्या खाली. कोळसा पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नका, हवा लागताच पेटतो. आणि तो द्राक्षबागेत टाकण्याआधी माती तपासा: कोळसा अल्कधर्मी असतो, चुनखडीच्या जमिनीत सामू (pH) आणखी वाढेल.