उत्तर: स्विस पाइनच्या सुया (सुईसारखी पानं) तपकिरी पडण्याबद्दल

‘उणे चाळीस सोसणारं झाड, मग हिवाळा सरताना सुया तपकिरी का पडल्या?’ या वरच्या प्रश्नावर सगळे थंडीलाच दोष देताहेत, ते काही पटलं नाही. स्विस पाइन आल्प्समध्ये २००० मीटरच्याही वर, वृक्षरेषेपर्यंत, म्हणजे जिच्या वर झाडं वाढतच नाहीत त्या उंचीपर्यंत, उभा असतो. शरदात हळूहळू काटक झालेल्या सुयांना नुसत्या गारठ्याचं फारसं काही वाटत नाही. घात करतात ते ऊन आणि वारा. जमीन गोठलेली, मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि सुयांतून बाष्प मात्र जातच राहतं. थोडक्यात, झाड तहानेनं सुकतं. बर्फाखाली दबलेल्या फांद्या हिरव्या आणि वरच्या करपलेल्या दिसल्या, की बहुधा हेच झालेलं असतं. म्हणून जमीन गोठण्याआधी एकदा पोटभर पाणी द्या. पण मुळाशी पाणी तुंबू देऊ नका, ते या झाडाला अजिबात चालत नाही.

बी रुजत नाही म्हणणाऱ्यांसाठी: या बियांना पंखच नसतात. नटक्रॅकर पक्षी त्या जमिनीत पुरून ठेवतो आणि त्यातल्या न खाल्लेल्या रुजतात. तेव्हा बी वर भुरभुरू नका, पुरा, आणि काही महिने ओल्या थंडीत राहू द्या. बाकी वाढ इतकी सावकाश, की दरवर्षी पट्टी लावून मोजणाऱ्याची चिडचिडच व्हायची!