म्युनिकहून दोन दिवसांत मंगोल काळातलं सोन्याचं कापड कुठे बघू? (बजेट २५० युरो)

ताणाबाणा:
हौसेने पैठणी विणते, सध्या म्युनिकला आहे. १३व्या-१४व्या शतकात मंगोलांच्या राज्यात विणलेलं नसीज, म्हणजे रेशीम आणि सोन्याचं कापड, प्रत्यक्ष बघायचंय. शनिवार-रविवार, प्रवास आणि राहणं धरून २५० युरो. विणकाम जवळून दिसलं पाहिजे.

पेठकर:
व्हिएन्ना. विषय संपला. डोम म्युझियममध्ये ऑस्ट्रियाचा ड्यूक रुडॉल्फ चौथा याचं प्रेतवस्त्र आहे. १३६५ला मिलानमध्ये वारला आणि गुंडाळला कशात, तर इराणचा मंगोल सुलतान अबू सईद याचं नाव सोन्यात विणलेल्या कापडात! आम्ही ऑपेराही पाहिला. हॉटेल स्टेशनजवळचंच घ्या, रात्रीचे १८० फक्त.

ताणाबाणा:
दादा, २५० सगळ्याचे मिळून आहेत.

इटलीवेडी:
व्हेरोनाला जा गं, म्युनिकहून थेट गाडी आहे. तिथला सत्ताधीश कानग्रांदे देल्ला स्काला १३२९ला गेला, १९२१ला थडगं उघडलं तर आत पूर्वेकडची रेशमी कापडं. तिथल्याच कास्तेलवेक्कियो म्युझियममध्ये ठेवलीत.

डॉ_गप्पिष्ट:
हाच ना तो विष घातलेला? २००४ला शव काढून तपासलं, डिजिटालिस सापडलं, म्हणजे हृदयाचं औषधही असलेलं वनस्पतीतलं विष.

पेठकर:
विषच कशावरून? औषध जास्त झालं असेल.

समरकंद_रिटर्न:
युरोपात काय ठेवलंय? मुळात जा, समरकंदला. मी बाजारातून अस्सल रेशीम आणलं, घासाघीस करून निम्म्यात. मिसेस खूश.

जुनी_जर:
काका, तुम्ही आणलंत ते इकत असणार, म्हणजे धागे आधी बांधून रंगवून मग विणलेलं. चंगीझखानाच्या स्वाऱ्यांत मंगोलांनी कापड नाही, विणकरच उचलून नेले. हेरातचे आजच्या शिनज्यांगमधल्या बेशबालिकला, समरकंदचे पार आजच्या बीजिंगच्या वायव्येला. चिनी कारागीर शेजारी बसले, म्हणून इराणी सिंहांच्या आसपास चिनी ढग दिसतात.
ताणाबाणा, तुला पैठणी येते तर हे बघ: पैठणीत नक्षीचा बाणा छोट्या कांड्यांनी हाताने भरतो. नसीज बहुतेक लॅम्पस, म्हणजे दोन ताणे. एक जमिनीचा, म्हणजे मूळ कापडाचा, दुसरा नुसता नक्षीचा बाणा बांधून धरणारा. आणि जर आपल्यासारखी धातूची नाही. कातड्याच्या किंवा कागदाच्या पट्टीवर सोन्याचा वर्ख, ती सपाट घालायची नाहीतर रेशमावर गुंडाळायची. वर्ख गळला की तपकिरी उरतं. काचेआड, मंद उजेडात यातलं फार दिसत नाही.

इटलीवेडी:
मी एका ठिकाणी खास गेले तर कपाट रिकामं! रेशीम उजेडाने खराब होतं म्हणून काढून ठेवलं म्हणे. आधी मेल करून विचार.

पेठकर:
व्हिएन्नाच. वर सांगितलंय.

जुनी_जर:
घरबसल्या अमेरिकेतल्या क्लीव्हलंड म्युझियमचं संकेतस्थळ उघड. पंखवाले सिंह आणि ग्रिफिन (गरुडाचं तोंड, सिंहाचं धड) असलेलं कापड आहे, १३व्या शतकाच्या मधलं. फोटो फुकट उतरवता येतो. मोठा केलास की तो बांधून धरणारा ताणा मोजता येईल. बजेट शून्य.

समरकंद_रिटर्न:
इकत म्हणा नाहीतर काही म्हणा, रंग अजून गेलेला नाही.

ताणाबाणा:
सगळ्यांचे आभार. क्लीव्हलंडचा फोटो उतरवला, कालची रात्र त्यातच गेली. जाणार मात्र बर्लिनला. तिथल्या कुन्स्टगेवेर्बेम्युझियमकडे, म्हणजे कलाकुसरीच्या वस्तूंच्या संग्रहालयाकडे, काळ्या रेशमावर सोनेरी पोपटांचं कापड आहे, आणि मुनिया, म्हणजे पैठणीतले पोपट, विणणारीला पोपट सोडवत नाहीत. मैत्रिणीकडे राहायची सोय फुकट. मांडलंय का, असं मेलने विचारलंय.

पेठकर:
मग धागा काढलाच कशाला? बर्लिनमध्ये पाऊस असतो.

डॉ_गप्पिष्ट:
डिजिटालिसचं राहूनच गेलं.